एकविसावी रेघ

गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात सुखेंदू कयाल दुरून येताना दिसले की मासेवाले एकमेकांना डोळे घालत. रंगीत मासे विकणारा निमाई तर मुद्दाम मोठ्याने म्हणे, "आले बघा मुलगी पाहायला! आता चालून दाखव म्हणतील, खाऊन दाखव म्हणतील, आणि शेवटी सांगतील, पुढच्या रविवारी कळवतो."

निमाईचं काही चुकत नव्हतं. सुखेंदूबाबू आधी मासा बघतच नसत, मासा ज्या पाण्यात आहे ते पाणी बघत. पाण्यात एक जरी मेलेला तरंगत असला, तर त्या हंडीतला सोन्याचा मासाही त्यांना नको असे. मग उकिडवे बसून कोण कोपऱ्यात तोंड लपवून बसलाय, कुणाचे पर मिटलेले आहेत, कोण दगडाला अंग घासतोय, हे सगळं सावकाश बघायचं. मग निमाईला चिमूटभर खाणं टाकायला लावायचं. जो धावून आला नाही त्याचं नाव कटाप.

"सुखेनदा, हे कालच आलेत. एकदम ताजा माल," निमाई म्हणे.

"ताजा माल माणिकतल्याच्या मासळीबाजारात विकतात रे. तो खायचा असतो. घरी ठेवायचा मासा शिळाच बरा. पुढच्या रविवारी यातले जे जिवंत असतील त्यातला एक दे."

"आणि तोवर विकला गेला तर?"

"तर दुसऱ्याच्या घरी मरेल."

असा माणूस गिऱ्हाईक म्हणून कुणाला आवडेल? पण गल्लीतल्या कुणाला मासे घ्यायचे असले की तो सुखेंदूबाबूंनाच सोबत नेई. बघण्याची नजर त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून कमावली होती. हातीबागानच्या फुटपाथवर काचेच्या पेटीमागे बसून, डोळ्याला काळं भिंग लावून, त्यांनी अर्ध्या श्यामबाजारची मनगटं चालू ठेवली. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. एका गिऱ्हाइकाच्या वडिलांच्या घड्याळातला बारीक स्क्रू हातातून उडाला, तो तासभर शोधूनही सापडला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी पेटीला कुलूप लावलं ते कायमचं. भिंग आणि चिमटा तेवढा घरी आणला.

घरी मासा आला तरी तो खरा घरी आला असं होत नसे. बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टाकीत जाण्याआधी त्याने न्हाणीघरातल्या निळ्या टबात एकवीस दिवस काढायचे. टबाची जाळी वेगळी, पाणी काढायचा मग वेगळा, हात पुसायचा पंचासुद्धा वेगळा. खाणं आधी टाकीतल्या जुन्यांना, मग टबातल्या नव्याला. उलट कधीच नाही. नव्याला लागलेला हात जुन्याला लागता कामा नये. रोज एक रेघ न्हाणीघराच्या भिंतीवर पेन्सिलीने ओढायची.

त्यांची बायको बीणापाणी यावर तोंड सोडायची. बंगालात नवी नवरी सासरी आली की पहिली रात्र तिने नवऱ्याचं तोंड बघायचं नाही, त्याला काळरात्र म्हणतात. बीणापाणी म्हणायची, "माझी काळरात्र एका रात्रीत आटपली, आणि तुमच्या माशांच्या एकवीस! मेले आंघोळ करताना माझ्याकडे टकामका बघत असतात. लाज वाटते मला."

"त्यांना कुठे लाज वाटते?"

"तेच तर!"

पण हट्ट उगाच नव्हता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सुखेंदूबाबूंनी हौसेने एक लालभडक मासा आणून सरळ टाकीत सोडला होता, आणि आठ दिवसांत सगळी टाकी रिकामी झाली होती. नवी नवरी बीणापाणी तेव्हा मेलेले मासे कागदात गुंडाळत होती आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

आता त्या टाकीत एकच मासा उरला होता. टुकी. तेरा वर्षांची गोल्डफिश. मुलगी झुमुर पाचवीत असताना तिने ती निमाईच्या हंडीतून स्वतः निवडली होती. तेव्हा बोटाएवढी होती, आता तळहातावर मावत नव्हती, आणि तिच्या अंगचा केशरी रंग उतरून दुधात हळद पडल्यासारखा झाला होता. झुमुरचं फाल्गुनात लग्न झालं, ती दुर्गापूरला गेली. तेव्हापासून बीणापाणी सकाळी टाकीपुढे उभी राहायची आणि हातातले शंखाचे चुडे काचेवर वाजवायची. टुकी खालून वर यायची, तोंड उघडमीट करायची. मग बीणापाणी तिला सगळं सांगायची. वांगी किती किडकी निघाली, वरच्या मजल्यावरचे लोक किती पाणी सांडतात, झुमुरचा फोन कालही दोनच मिनिटं कसा झाला. ज्या घरातून मुलगी गेली त्या घरात बोलायला कुणीतरी लागतंच. नवऱ्याशी बोलून काय उपयोग, तो ऐकतो कुठे?

ज्येष्ठात जावईषष्ठी आली. सासूने जावयाला घरी बोलवायचं, त्याच्या मनगटाला पिवळा दोरा बांधायचा, ताडाच्या पंख्याने वारा घालायचा आणि पोट फुटेपर्यंत खाऊ घालायचं, असा हा दिवस. बीणापाणीची ही पहिलीच षष्ठी. पंधरा दिवस आधीपासून तिच्या डोक्यात इलिश मासा, कोळंबी आणि आंबे याशिवाय काही नव्हतं. घामाने चिंब होत ती पहाटेपासून चुलीशी होती.

जावई तीर्थंकर माईती सरळ स्वभावाचा पोरगा. झुमुर त्याच्या मागून आत आली ती ओठ दाबून हसत. तीर्थंकरच्या एका हातात मिठाईचं मडकं आणि दुसऱ्या हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत दोन टपोरे लाल-पांढरे गोल्डफिश, आणि पिशवीच्या गाठीला सोनेरी फीत.

"बाबा, सगळे जण सासूबाईंना साडी आणतात. म्हटलं आपण बाबांसाठी काहीतरी आणू. स्टेशनाजवळच्या दुकानातून घेतले. तो म्हणाला, आजच आलेत. एकदम ताजे."

सुखेंदूबाबूंनी "वा!" म्हटलं. पिशवी खिडकीकडे धरली. पाणी कोमट झालेलं होतं. दोघांपैकी एकाने प्लास्टिकला अंग घासलं, एकदाच, झटकन. त्यांचा चेहरा उतरू लागला, पण जावयासमोर त्यांनी तो तसाच हसता ठेवला.

"छान आहेत हं. फारच छान. जरा आराम करू दे त्यांना," असं म्हणत ते पिशवी घेऊन न्हाणीघरात गेले. निळ्या टबात पिशवी तरंगत ठेवली, थोड्या वेळाने मासे टबात सोडले. पेन्सिलीने पहिली रेघ ओढली.

स्वयंपाकघरात बीणापाणीने त्यांना गाठलं. "अहो, जावयाने आणलेली वस्तू न्हाणीघरात? बादल्यांशेजारी? त्याला हात धुवायला तिथेच जायचंय!"

"एकवीस दिवस."

"आजच्या दिवशीसुद्धा?"

"माशांना षष्ठी कळत नाही."

"तुम्हालाही कळत नाही," ती म्हणाली, आणि फुगलेली पुरी जोरात ताटात टाकली.

दोरा बांधला, दूर्वा डोक्याला लावल्या, "षाट, षाट" असा आशीर्वाद म्हणत पंख्याने वारा घातला. तीर्थंकरने पोटावर हात ठेवून तीनदा शपथ घेतली की आता नको, आणि तिन्ही वेळा त्याला वाढलं गेलं. सुखेंदूबाबूही जेवले ते जावयाच्या दुप्पट. मग बंगाली माणूस असं जेवल्यावर जे करतो ते त्यांनी केलं. धोतराचा सोगा पोटावर घेऊन आडवे झाले आणि पाच वाजेपर्यंत घोरले.

उठले तेव्हा बाहेरच्या खोलीत हसणं ऐकू येत होतं. तीर्थंकर टाकीसमोर मांडी घालून बसला होता. टाकीत तीन मासे. टुकी मध्ये आणि दोन्ही बाजूंना ते दोघे लाल-पांढरे.

"बाबा, बघा ना! लगेच मैत्री झाली त्यांची."

सुखेंदूबाबूंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बीणापाणी पान लावत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा चेहरा इतका उजळलेला होता, इतका की फाल्गुनापासून त्यांनी तो तसा पाहिला नव्हता. झुमुरही बापाकडे बघत होती, तिला सगळं कळलं होतं. तेव्हाच जाळी घेऊन टुकीला बाहेर काढायला हवं होतं. त्यांनी काढलं नाही. "हो, झाली खरी," एवढंच म्हणाले.

पाहुणे गेल्यावरही त्यांनी काढलं नाही. एकदा स्पर्श झाला तो झाला, आता काय, असं मनाला समजावलं. खरं तर ते घाबरले होते. काढलं असतं तर बायकोशी भांडावं लागलं असतं, आणि भांडले असते तर ती रडली असती. त्यापेक्षा कदाचित काही होणारही नाही, असं त्यांनी ठरवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कदाचितवर भरवसा टाकला.

रविवारी ते बाजारात गेले नाहीत. सकाळी टुकीने तळाच्या दगडाला अंग घासलं. एकदा, मग पुन्हा. सुखेंदूबाबूंनी भिंग डोळ्याला लावलं आणि काचेला नाक टेकलं. टुकीच्या पराखाली हिरवट, चपटा, मोहरीहून लहान ठिपका होता. ते बघत असतानाच तो ठिपका चालायला लागला.

"ऊ," ते म्हणाले.

"काय?" बीणापाणी आतून आली.

"माशांची ऊ. रक्त पिते."

बीणापाणीने काचेवर चुडे वाजवले. टुकी वर आली नाही. खालीच, दगडाशी, पर मिटून राहिली. बीणापाणीचा हात काचेवरच थांबला. 'मी सांगत होतो' हे तीन शब्द सुखेंदूबाबूंच्या जिभेवर होते. ते त्यांनी गिळले, आणि तेवढ्यासाठी तरी त्यांना शंभर मार्क द्यायला हवेत.

ऊ काढायची तर एकेक चिमट्याने धरून काढावी लागते. खिडकीखाली, भर उजेडात, त्यांनी ओला मऊ पंचा पसरला. टुकीला जाळीने उचलून त्यात ठेवलं, फक्त बाजू उघडी ठेवली. डोळ्याला भिंग, हातात चाळीस वर्षांचा चिमटा. चिमट्याचं टोक टुकीच्या अंगाजवळ गेलं आणि थरथरायला लागलं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी थरथर थांबेना. टुकीने तोंड उघडलं.

"पाण्यात सोडा तिला आधी," बीणापाणी म्हणाली. मग त्यांच्या हातातून चिमटा काढून घेत ती खाली बसली. "झुमुरच्या डोक्यातल्या उवा कुणी काढल्या? तुम्ही? सरका. भिंग तुम्ही लावा, आणि कुठे ते सांगा."

मग नवरा-बायकोने मिळून दिवसभर ते केलं. अर्ध्या मिनिटापुरती टुकी बाहेर, मग पाण्यात विसावा, मग पुन्हा बाहेर. "डाव्या कल्ल्याच्या मागे. नाही, खाली. एक तांदूळभर खाली. हं." बीणापाणी श्वास रोखून चिमटा लावायची, ऊ वाटीतल्या मिठात टाकायची. मुलीचे केस मांडीवर घेऊन बसायची तशीच बसली होती, तसाच जिभेचा शेंडा दातात धरून. सहावी निघाली, सातवी निघाली.

आठव्या उवेच्या वेळी ती म्हणाली, "मला माहीत होतं तुम्ही रागवाल."

"मग का केलंस?"

"तुम्ही झोपला होतात. मी हात धुवायला गेले. ते दोघं त्या अंधाऱ्या टबात, एकाच कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. मला झुमुरच दिसली हो. परक्या घरात, परक्या खोलीत, दार लोटून घेतलेलं. तिला कुणी बाहेर बोलावलं असेल का, काय माहीत. फोनवर तर ती काही सांगत नाही. मला बघवलं नाही. वाटलं, आपल्या घरी तरी कुणाला असं एकटं बसवायला नको." तिचा आवाज फुटला, पण चिमटा हलला नाही. "आणि त्यात हिचाच जीव घ्यायला निघाले."

सुखेंदूबाबूंच्या भिंगाखाली सगळं अंधुक झालं, ते काढून त्यांनी पंच्याने पुसलं, पण धुकं भिंगावर नव्हतं. "तुझ्या एकटीची चूक नाही," ते शेवटी म्हणाले. "मी पाच वाजता बघितलं होतं. मीही काढलं नाही."

एकूण अकरा निघाल्या.

उवा टाकीच्या काचेवर अंडी घालतात. म्हणून टाकी पूर्ण उपसली, शेजारच्या दोघांना हाताशी घेऊन गच्चीवर नेली आणि उन्हात उपडी घातली. वाळू फेकली, दगड उकळले. जावयाच्या माशांनाही तसंच निवडून बादलीत ठेवलं. त्यातला एक मंगळवारी गेला. टुकी गेली निळ्या टबात. तेरा वर्षं ज्या घरात राहिली त्याच घरात तिला आता नव्यासारखं वेगळं बसावं लागलं. रोज सकाळी त्या दोघांनी भिंगाने तिचं अंग तपासायचं, टबातलं पाणी बदलायचं, चिमूटभर मीठ घालायचं. सोमवारी सुखेंदूबाबू पेन्सिल घेऊन न्हाणीघरात गेले, तर भिंतीवर आधीच एक रेघ ओढलेली. पेन्सिलीची नव्हे, पायाला लावायच्या आलत्याची, लालभडक. त्यानंतर रोजची रेघ बीणापाणीच ओढायची. पहिले सहा दिवस टुकीने खाण्याला तोंड लावलं नाही, आणि बीणापाणीच्याही घशाखाली घास उतरेना. सातव्या दिवशी टबाच्या काठावर चुडे वाजले आणि टुकी वर आली.

एका रविवारी सकाळी झुमुर आणि तीर्थंकर अचानक दारात उभे. संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. बाहेरच्या खोलीत टाकीची जागा मोकळी, फडताळावर नुसता चौकोनी डाग.

"मा, टुकी?" झुमुरचा चेहरा पांढरा पडला.

"आहे, आहे. न्हाणीघरात."

मग सगळं सांगावं लागलं. तीर्थंकर बादलीतल्या एकुलत्या एका माशाकडे बघत ऐकत होता. त्याचे कान लाल झाले. "बाबा, त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही नवीन होतात," सुखेंदूबाबू म्हणाले. "नव्याला पहिल्याच दिवशी टोकलं की तो बावरतो, खाणं सोडतो. आता बोलतो. ताजा माल म्हटलं की पाठ फिरवायची. पुढच्या वेळी माझ्याबरोबर निमाईकडे या."

तीर्थंकर हसला, जरासा, मग मोकळा.

बीणापाणीच्या मनात मात्र तोच जुना प्रश्न होता. भाजी चिरता चिरता, मान खाली घालून तिने विचारलं, "झुमुर, तुला तिकडे पहिल्यांदा... एकटं एकटं बसवत होते का गं?"

"हो."

सुरी थांबली.

"सासूबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, दुपारी तिच्या खोलीत कुणी जायचं नाही, पोरीला जरा रुळू दे. चहा दाराशी ठेवून जायच्या. मी आधी पोटभर रडायचे, मग छान झोपायचे. मा, सगळे येऊन माझ्याभोवती बसले असते ना, तर मी पळूनच आले असते."

बीणापाणीने सुरी खाली ठेवली. मग पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "शहाणी बाई दिसते."

दुपारपर्यंत टाकी गच्चीवरून खाली आली. नवी वाळू, मुरवलेलं पाणी. सुखेंदूबाबूंना घाई झाली होती. गाडीआधी झुमुरला टुकी तिच्या जागेवर दिसायला हवी होती. न्हाणीघरात जाऊन त्यांनी बोटाने लाल रेघा मोजल्या. एकवीस. पुन्हा मोजल्या. एकवीस. ते जाळी घेऊन टबाशी वाकले.

"हात काढा," दारातून बीणापाणी म्हणाली. "वीसच झालेत."

"एकवीस आहेत. दोनदा मोजल्या."

"पहिली रेघ मी चुकून ओढली. तो दिवस धरायचा नाही. टुकी उद्या जाईल टाकीत." ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "नियम म्हणजे नियम. तुम्हीच सांगता. ज्यांना बघायचंय त्यांनी उद्यापर्यंत थांबावं."

सुखेंदूबाबू वाकलेले तसेच राहिले. बायकोची चूक पकडायची संधी त्यांनी जन्मात सोडली नव्हती. त्यांनी जाळी खुंटीला लावली.

"खरंय," ते म्हणाले. "वीसच आहेत."

झुमुर आईच्या खांद्यावरून आत डोकावली. ओठ हलवत तिने भिंतीवरच्या रेघा मोजल्या, शेवटपर्यंत. मग बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, ऑफिसात फोन करा. उद्याची रजा टाका. एक दिवस कमी पडतोय."

बीणापाणी स्वयंपाकघरात गेली आणि रात्रीसाठी आणखी दोन वाट्या तांदूळ धुवायला घेतले.